पंडिता रमाबाई : दुःखाच्या वाटेनें अक्षय आनंदाकडे

सुख आणि आनंद हे दोन शब्द नित्याच्या व्यवहारांत आपण एकाच अर्थानें योजतों. परंतु किंचित् विचार केला असतां त्या दोहोंत मोठें अंतर आहे असें दिसून येतें. सुख बाहेरून येतें, आणि ज्या वाटेनें येतें त्याच वाटेनें निघूनही जातें. पोटभर अन्न, लोकांत मान, आप्तेष्टांचा सहवास हीं सुखाचीं साधनें होत. तीं नाहींशीं झालीं कीं त्यांबरोबर सुखही नाहींसें होतें. आनंद हा मात्र अंतःकरणांत उगम पावणारा झरा आहे. उन्हाळ्यांत नदीनाले आटले तरी खोल विहिरीचे पाणी जसें आटत नाहीं, तसा तो बाह्य परिस्थितीच्या उन्हानें सुकत नाहीं. असा आनंद मनुष्यास खरोखर लाभतो काय, आणि लाभत असल्यास तो कोणत्या मार्गानें, हा प्रश्न फार पुरातन आहे. त्याचें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां एखाद्या चरित्रानें देणें अधिक बरें. म्हणून आपल्या महाराष्ट्रांतील एका थोर विदुषीचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. सुखाचीं सारीं साधनें जिच्या हातून एकामागून एक निसटून गेलीं आणि तरीही जिच्या अंतःकरणांतील आनंद शेवटपर्यंत वाढतच गेला, ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या अरण्यांत गंगामूळ या ठिकाणीं झाला. हें स्थान आज कर्नाटक राज्यांत मोडतें. तुंगा व भद्रा या नद्या त्याच डोंगरांत उगम पावतात. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण असून संस्कृत भाषेचे गाढे पंडित होते. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये अशी त्या काळीं सर्वत्र समजूत होती. शास्त्रीबोवांनीं ती मानली नाहीं. आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनीं स्वतः संस्कृत शिकविलें. त्याबद्दल पंडितमंडळींत मोठा गवगवा झाला व शास्त्रीबोवांस धर्मसभेपुढें जाब द्यावा लागला. तो त्यांनीं शास्त्राधारानेंच दिला. पुढें लोकांच्या निंदेपासून दूर राहावें व निर्वेधपणें अध्ययन चालवावें या हेतूनें त्यांनीं त्या अरण्यांत आश्रम बांधिला. विद्यार्थी, अतिथि व यात्रेकरू यांच्या आदरातिथ्यांत त्यांचें द्रव्य संपत आलें, आणि अखेर कुटुंबासह देशाटनास निघणें त्यांस भाग पडलें. त्या वेळीं रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या एका पेटाऱ्यांत घालून त्यांस डोंगराखालीं आणण्यांत आलें. अशा रीतीनें ज्या प्रवासास आरंभ झाला तो पुढें वीस वर्षांहून अधिक काळ थांबला नाहीं.

हें कुटुंब तीर्थामागून तीर्थ करीत हिंडे. देवळाच्या ओवरींत अथवा नदीच्या घाटावर बसून शास्त्रीबोवा पुराण सांगत, श्रोते जें कांहीं धान्य, वस्त्र वा द्रव्य ठेवीत त्यावर निर्वाह चाले, आणि उरेल तें दानधर्मांत जाई. अशा भटक्या जीवनांत रमाबाईंची पाठशाळा म्हणजे त्यांची आई. पहांटेस उठून लक्ष्मीबाई मुलीस जवळ घेत व तिजकडून श्लोक म्हणवून घेत. बाराव्या वर्षाच्या सुमारास श्रीमद्भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंस मुखोद्गत झाले होते. थोरल्या मुलीच्या बालविवाहाचा परिणाम अनिष्ट झाल्याचें पाहून वडिलांनीं रमाबाईंचें लग्न लहानपणीं केलें नाहीं. हें त्यांचें धैर्य त्या काळीं लहानसहान नव्हतें.

रमाबाईंच्या वयास सोळा वर्षें होतात न होतात तोंच त्यांजवर दुःखाचे डोंगर कोसळले. देशांत दुष्काळ पडला. पुराण ऐकावयास श्रोते येतनासे झाले. हातीं होतें तें व्रतवैकल्यें व दानें यांत वेंचलें गेलें, कारण देव प्रसन्न झाला म्हणजे संकट टळेल अशी त्या सर्वांची निष्ठा होती. मोलमजुरी करावी तर ती कधीं शिकलेली नव्हती आणि जातीचा अभिमानही आडवा येई. भीक मागण्याची लाज वाटे. अखेरीस सर्वांनीं अरण्यांत जाऊन तेथेंच देह ठेवण्याचा निश्चय केला. अकरा दिवस व अकरा रात्री पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनीं काढिल्या. वृद्ध व अंध झालेल्या पित्यानें मुलीस जवळ घेऊन निरोप दिला, सन्मार्गानें चालण्यास व आयुष्यभर देवाची सेवा करण्यास सांगितलें. पुढें अल्पकाळांतच ते वारले. त्यांच्यामागून आई गेली. आईचें प्रेत उचलावयास चार माणसें मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ आणि चौथ्या स्वतः रमाबाई. उंचीनें ठेंगण्या असल्यामुळें तिरडी त्यांच्या खांद्यास लागेना, म्हणून ती त्यांनीं मस्तकावर घेतली. कांहीं दिवसांनीं थोरली बहीणही गेली. एवढ्या मोठ्या जगांत रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास हीं दोघेंच उरलीं.

तीं दोघें पायीं हिंडत राहिलीं. पंजाब, काश्मीर, तेथून पुन्हा पूर्वेकडे, असा हजारों मैलांचा प्रवास त्यांनीं केला. अंगावर पुरेसें वस्त्र नसे. थंडी असह्य होई तेव्हां नदीच्या कांठीं वाळूंत खड्डे करून, डोकें तेवढें बाहेर ठेवून सारें अंग तीं वाळूनें झांकून घेत व अशा रीतीनें रात्र काढीत. या काळांतही त्यांनीं व्रतें सोडलीं नाहींत. पण आईबापांनीं आयुष्यभर निष्ठेनें केलेल्या सर्व साधनांचें फळ काय, असा प्रश्न त्यांच्या मनांत घर करूं लागला. पोटाची भूक मोठी होतीच; तिच्याहून मोठी भूक अंतःकरणांत जागी झाली होती, आणि तिला अन्न कोठें मिळेल हें त्यांस ठाऊक नव्हतें.

इ. स. १८७८ मध्यें हीं भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. तेथें भाग्याचें चक्र एकदम फिरलें. वीस वर्षांची एक मुलगी अस्खलित संस्कृत बोलते व शास्त्रांवर विवेचन करते ही वार्ता विद्वानांत पसरली. तेथील पंडितांनीं त्यांची परीक्षा घेतली व संतुष्ट होऊन त्यांस पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. सभांतून त्यांचीं व्याख्यानें होऊं लागलीं व वर्तमानपत्रांत त्यांची कीर्ति गाजूं लागली. ब्राह्मसमाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनीं त्यांस वेदांचें अध्ययन करण्यास उत्तेजन दिलें. याच शहरीं एका ख्रिस्ती मंडळींच्या मेळाव्यास त्या गेल्या असतां तेथील लोक खुर्च्यांपुढें गुडघे टेंकून, डोळे मिटून प्रार्थना करीत आहेत असें त्यांनीं पाहिलें. हे लोक बहुधा खुर्च्यांचीच पूजा करीत असावेत, असें त्या दोघां भावंडांस वाटलें! त्या दिवशीं मिळालेलें संस्कृत बायबलही त्यांस दुर्बोध वाटलें. मान मिळाला, अन्न मिळालें, कीर्ति मिळाली; परंतु धर्मशास्त्रांचें अधिक अध्ययन करतां करतां त्यांच्या मनाची अस्वस्थता कमी न होतां उलट वाढत गेली.

दुःखाचा फेराही संपला नव्हता. १८८० च्या मे महिन्यांत श्रीनिवास डाक्का येथें निवर्तले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशीं विवाह केला. ते ब्राह्मणेतर असल्यामुळें हा विवाह नोंदणीपद्धतीनें झाला व त्यामुळें उभयतांस समाजाचा रोष सोसावा लागला. आसामांतील सिल्चर येथें त्यांचा संसार सुरू झाला. पतीच्या पुस्तकांत रमाबाईंस लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सांपडली व ती त्या आवडीनें वाचूं लागल्या. १८८१ च्या एप्रिलमध्यें त्यांस कन्यारत्न झालें. मनाचा आनंद ही, म्हणून तिचें नांव मनोरमा. परंतु पुढच्याच वर्षीं, ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं, बिपिनबाबू पटकीच्या विकारानें मरण पावले. विवाहास पुरीं दोन वर्षेंही झालीं नव्हतीं. तेविसाव्या वर्षीं रमाबाई विधवा झाल्या. जवळ कडेवरच्या मुलीखेरीज कोणी उरलें नाहीं.

त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ति रानडे प्रभृति सुधारकांनीं त्यांचें स्वागत केलें. १८८२ सालीं त्यांनीं आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहिलें, आणि शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना स्त्रीशिक्षक व स्त्रीडॉक्टर यांची आवश्यकता निर्भीडपणें मांडली. आपण स्वतःच वैद्यकी शिकून देशभगिनींच्या उपयोगीं पडावें या इच्छेनें त्या १८८३ सालीं मुलीसह इंग्लंडास गेल्या. पुस्तकाच्या विक्रीचें द्रव्य प्रवासखर्चास कामीं आलें. परंतु त्यांस ऐकूं कमी येत असे, आणि या व्यंगामुळें वैद्यकीचा मार्ग त्यांस बंद झाला. आणखी एक आघात झाला तो त्यांच्यासह गेलेल्या आनंदीबाई भगत या सोबतिणीच्या दुःखद अंताचा. परक्या मुलखांत, परक्या भाषेंत त्या पुन्हा एकट्या पडल्या.

वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत त्या राहत होत्या. तेथून त्यांस एकदां लंडनजवळील फुलहॅम येथें नेण्यांत आलें. वाट चुकलेल्या, समाजानें टाकलेल्या स्त्रियांसाठीं तेथें एक आश्रयगृह होतें. ज्यांची सांवलीही कोणी अंगावर पडूं देणार नाहीं अशा स्त्रियांची सेवा कुलीन घराण्यांतल्या स्त्रिया प्रेमानें करीत आहेत, हें पाहून रमाबाई चकित झाल्या. असें करण्याचें कारण त्यांनीं विचारलें. तेव्हां योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांतील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांस वाचून दाखविण्यांत आली. विहिरीपाशीं एका पतित व परजातीच्या स्त्रीजवळ प्रभु येशू पाणी मागतो, तिचा तिरस्कार करीत नाहीं, आणि पुन्हा कधीं तहान लागणार नाहीं असें जीवंत पाणी तिला देऊं करतो, ही ती कथा. स्त्री, शूद्र व पतित यांस जवळ करणारा हाच तारक होय असें त्यांच्या बुद्धीस पटलें. पंडित नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनानें त्यांच्या कांहीं शंकांचें निरसन झालें, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं रमाबाईंनीं कन्येसह बाप्तिस्मा घेतला.

येथें एखादा चरित्रकार लेखणी खालीं ठेवील व रमाबाईंस आनंद प्राप्त झाला असें सांगून मोकळा होईल. परंतु खरा प्रकार तसा नव्हता, आणि या चरित्राचें मर्म याच ठिकाणीं आहे.

बाप्तिस्म्यानंतर त्यांनीं चेल्टनहॅम येथील महिला विद्यालयांत अध्ययन केलें व तेथें संस्कृतही शिकविलें. १८८६ सालीं आपल्या नात्यांतील डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभासाठीं त्या अमेरिकेस गेल्या व सुमारें अडीच वर्षें तेथें राहिल्या. बालोद्यानपद्धतीचें शिक्षण त्यांनीं घेतलें. उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचें इंग्रजी पुस्तक १८८७ सालीं प्रसिद्ध होऊन त्याचा मोठा बोलबाला झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन झाली व हिंदुस्थानांतील विधवांच्या शाळेस दहा वर्षें साहाय्य करण्याचें तिनें पत्करलें. ११ मार्च १८८९ रोजीं रमाबाईंनीं मुंबईस शारदासदन उघडलें. तेथील आरंभींच्या विधवा विद्यार्थिनींपैकीं गोदूबाई यांचा पुढें धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला, हें सर्वश्रुत आहे. १८९० सालीं सदन पुण्यास आलें.

बाहेरून पाहणारास हें सर्व यशाचें शिखर दिसेल. पण रमाबाईंच्या अंतर्यामीं शांति नव्हती. त्यांची बुद्धि ख्रिस्ती झाली होती, हृदय अजून तहानलेलेंच होतें. इंग्लंडांत व अमेरिकेंत निरनिराळ्या पंथांचीं निरनिराळीं मतें त्यांच्या कानांवर पडलीं होतीं. प्रत्येक पंथ आपलाच मार्ग खरा असें सांगे. रमाबाई स्वतंत्र बुद्धीच्या असल्यामुळें कोणाचेंही म्हणणें शास्त्र तपासल्यावांचून त्या मान्य करीत नसत. याबद्दल वाँटेजच्या भगिनींशीं त्यांचा तीव्र मतभेदही झाला होता. आपलीं पापें क्षमा झालीं आहेत काय, देव आपला आहे काय, याविषयीं त्यांच्या मनास खात्री वाटत नसे. लहानपणीं जें पुण्य व्रतांनीं व उपोषणांनीं मिळवावयाचें तेंच आतां प्रार्थनांनीं व परोपकारानें मिळवावयाचें, एवढाच फरक झाला होता. ओझें बदललें होतें, उतरलें नव्हतें.

१८९१ सालीं, म्हणजे बाप्तिस्म्यास आठ वर्षें झाल्यावर, त्यांच्या हातीं विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त पडलें. हा गृहस्थ कित्येक वर्षें उपदेशपीठावरून लोकांस धर्म सांगत होता, परंतु ज्या तारणाचा तो उपदेश करी त्याचा अनुभव त्यास स्वतःस नव्हता; तो पुढें एके दिवशीं त्यास आला. तें वृत्त वाचतांना रमाबाई अंतर्मुख झाल्या. आपणही ख्रिस्ती धर्म स्वीकारला आहे, पण त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त आपणांस अद्याप भेटलेला नाहीं, हें त्यांस स्पष्ट दिसून आलें. मग त्यांनीं बायबल नव्यानें, एखाद्या तहानलेल्या मनुष्याप्रमाणें, वाचावयास घेतलें. तारण हें मेल्यानंतर मिळावयाचें बक्षीस नव्हे, आणि सत्कृत्यांच्या मोबदल्यांत मिळणारें वेतनही नव्हे. तें आज, याच क्षणीं, रित्या हातानें घ्यावयाचें दान आहे, हें सत्य त्यांच्या अंतःकरणास भिडलें. त्यांनीं आपल्या सर्व उणिवांसह स्वतःस ख्रिस्ताच्या स्वाधीन केलें.

त्या दिवसापासून रमाबाई निराळ्याच झाल्या. ज्या आनंदासाठीं त्यांच्या मातापित्यांनीं हिमालयापासून रामेश्वरापर्यंत पायपीट केली तो त्यांस घरबसल्या लाभला होता. वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जें आपण कमावतों तें गमावण्याची भीति आपणांस सदैव असते. परीक्षेंत पहिला आलेला मुलगा पुढच्या परीक्षेच्या चिंतेंत असतो. पण जें केवळ प्रेमानें दिलेलें आहे तें आपल्या योग्यतेवर अवलंबून नसल्यामुळें आपल्या अयोग्यतेमुळें जातही नाहीं. रमाबाईंच्या आनंदाचा पाया हा होता, आणि तो किती भक्कम होता याची परीक्षा पुढील तीस वर्षांनीं पाहिली.

पहिली परीक्षा लवकरच आली. शारदासदनांत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं, प्रत्येकीस आपापल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक असावी, असा नियम होता. रमाबाई आपल्या खोलींत मुलीसह प्रार्थना करीत तेव्हां दार उघडें असे. कांहीं विद्यार्थिनी आपण होऊन येऊन बसूं लागल्या, व त्यांपैकीं कांहींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे दिसूं लागला. पुण्यांत मोठें वादळ उठलें. ज्यांनीं विश्वासानें मुली पाठविल्या होत्या त्या पालकांस आपला विश्वासघात झाला असें वाटणें स्वाभाविक होतें. रमाबाईंस स्वतःच्या खोलीचें दार लावून चोरून प्रार्थना करणें हा प्रभूचा अव्हेर वाटत होता. १८९३ सालीं रानडे व भांडारकर यांसारख्या हितचिंतकांनीं सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि सुमारें पंचवीस मुली सदनांतून काढून नेण्यांत आल्या. ज्या शहरानें मान दिला होता त्याच शहरानें पाठ फिरविली. पूर्वींच्या रमाबाई या आघातानें खचल्या असत्या. या रमाबाईंनीं उरलेल्या मुलींस जवळ घेऊन काम तसेंच पुढें चालविलें, व निंदकांविषयीं मनांत कडूपणा धरला नाहीं.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकतांच रमाबाईंच्या डोळ्यांपुढें आपली स्वतःची उपासमार, वडिलांचा अंत व आईची तिरडी उभी राहिली. त्या स्वतः दुष्काळी मुलखांत गेल्या. निराधार मुली दुष्ट लोकांच्या हातीं पडत आहेत असें त्यांनीं पाहिलें व त्यांस गाड्या भरभरून बरोबर आणलें. पोसण्याचें साधन काय, याचा हिशेब त्यांनीं केला नाहीं. अशा सुमारें तीनशें मुली त्यांनीं सोडविल्या. पुण्यांत प्लेगचे निर्बंध असल्यामुळें त्यांस शहरांत ठेवणें अशक्य झालें. पुणें–दौंड लोहमार्गावरील केडगांव येथें सुमारें शंभर एकर जमीन त्यांनीं पूर्वींच फळबागेसाठीं घेतली होती. त्या उघड्या माळावर राहुट्या व झोंपड्या उभारून मुलींस ठेवण्यांत आलें. हेंच पुढें सुप्रसिद्ध झालेलें मुक्तिसदन होय.

१९०० सालीं गुजरातेंतील दुष्काळांतून आणखी शेंकडों मुली आल्या व आश्रमवासीयांची संख्या दीड हजारांहून अधिक झाली. एवढ्या माणसांस नित्य जेवूं घालणें, त्यांचे रोग बरे करणें, त्यांस अक्षरओळख व धंदा शिकविणें हें काम केवढें! निश्चित उत्पन्न नव्हतें. उद्यांचें धान्य कोठून येईल हें कित्येकदां ठाऊक नसे. तरीही प्रार्थना व उद्योग ही जोडी तेथें कधीं फुटली नाहीं. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, दूधदुभतें झालें, हातमाग चालूं लागले, तेलाचा घाणा फिरूं लागला, छापखाना उभा राहिला. खिळे जुळविण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत सर्व कामें स्त्रिया करीत. पतित स्त्रियांसाठीं कृपासदन, वृद्धांसाठीं प्रीतिसदन, लहान मुलग्यांसाठीं सदानंदसदन, अशा शाखा निघाल्या. अंध मुलींस ठिपक्यांच्या लिपीनें वाचावयास शिकविण्याचें काम मनोरमाबाईंनीं केलें. ज्या स्त्रियांस जगानें ओझें म्हणून टाकून दिलें होतें त्या येथें स्वतःच्या हातांनीं भाकरी मिळवूं लागल्या व दुसऱ्या दुःखितांची सेवा करूं लागल्या. १९०५ सालीं तेथें जें मोठें आत्मिक जागरण झालें त्याची कीर्ति देशोदेशीं पसरली. १९०७ सालीं रमाबाईंनीं आपल्या आत्मिक प्रवासाची साक्ष इंग्रजींत लिहिली. तिच्या नांवांतच त्यांनीं आपल्यास लाभलेल्या धनास कधीं न सरणारा ठेवा म्हटलें आहे. ज्या स्त्रीनें मूठभर रानखजुरावर अकरा दिवस काढिले होते तिनें हा शब्द योजावा, यांत फार मोठा अर्थ आहे.

इतका मोठा पसारा असतां रमाबाईंची राहणी अत्यंत साधी होती. पांढरें लुगडें त्यांनीं कधीं सोडलें नाहीं. आहार शाकाहारीच ठेवला. ख्रिस्ती होणें म्हणजे विलायती होणें नव्हे, हें त्यांनीं शब्दांनीं सांगण्यापेक्षां आचरणानें दाखविलें. १९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें.

आयुष्याच्या उत्तरार्धांत त्यांनीं एक फार मोठें काम शिरावर घेतलें. मराठींतील प्रचलित बायबलाची भाषा खेड्यांतील अल्पशिक्षित बायकांस नीट समजत नाहीं असें त्यांस आढळून आलें. ज्या ग्रंथानें आपल्यास जीवन दिलें तो त्या बायकांस त्यांच्याच बोलींत वाचतां यावा, म्हणून त्यांनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांचें अध्ययन केलें आणि मूळावरून सोपें मराठी भाषांतर करण्यास आरंभ केला. ज्यांचें बालपण संस्कृत श्लोकांच्या घोषांत गेलें त्या पंडितेनें जाणूनबुजून पांडित्य बाजूस ठेवून घरगुती भाषा पत्करावी, ही त्यांच्या नम्रतेची खूण होय. सुमारें अठरा वर्षें हें काम चाललें, आणि त्याची छपाई मुक्तिसदनाच्याच छापखान्यांत तेथील स्त्रियांनीं केली.

शेवटची व सर्वांत कठीण परीक्षा अजून राहिली होती. मनोरमाबाई या आईचा उजवा हात होत्या. त्यांनीं उच्च शिक्षण घेतलें होतें, शाळेची व्यवस्था त्या पाहत, गुलबर्गा येथील शांतिसदन त्यांच्याच देखरेखीखालीं चाले, आणि रमाबाईंच्या मागें हा सर्व भार त्याच उचलतील अशी सर्वांची समजूत होती. २४ जुलै १९२१ रोजीं वयाच्या चाळिसाव्या वर्षीं त्या वारल्या. पिता, माता, बहीण, भाऊ, पति आणि आतां एकुलती एक कन्या! साठी ओलांडलेल्या, कानांनीं जवळजवळ बहिऱ्या झालेल्या त्या मातेच्या हृदयास काय वेदना झाल्या असतील याची कल्पनाच करावी. आनंद म्हणजे दुःखाचा अभाव, असें ज्यांस वाटतें त्यांनीं या प्रसंगीं रमाबाईंकडे पाहावें. त्यांनीं शोक केला, कारण त्या आई होत्या. पण त्यांचा विश्वास ढळला नाहीं, कारण तो कन्येच्या आयुष्यावर उभारलेला नव्हता. त्या पुन्हा आपल्या मेजाशीं बसल्या व भाषांतराचीं मुद्रितें तपासूं लागल्या.

प्रकृति दिवसेंदिवस खालावत चालली होती. काम पुरें होईपर्यंत आयुष्य मिळावें एवढेंच मागणें त्यांनीं देवाजवळ मागितलें, असें सांगतात. भाषांतराचें काम संपलें, आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहांटे झोंपेंतच त्यांनीं शांतपणें इहलोकची यात्रा संपविली. संपूर्ण बायबल १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. १९८९ सालीं भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें. केडगांवचें मुक्ति मिशन आजही चालू आहे, आणि शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं लावलेल्या त्या वृक्षाच्या सांवलींत आजही निराधार स्त्रिया व मुलें विसावा घेत आहेत.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपल्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलेंमुली एका बांकावर बसतात, आणि रमाबाईंच्या सर्व मतांशीं प्रत्येकजण सहमत होईल असें नाहीं. तथापि दोन गोष्टी या चरित्रापासून आपण सर्वांनीं घेण्याजोग्या आहेत. एक ही कीं, सत्याचा शोध करतांना त्यांनीं अर्ध्या वाटेवर बिऱ्हाड केलें नाहीं. बाप्तिस्मा झाला, कीर्ति झाली, संस्था झाली. तरीही हृदय रितें आहे हें त्यांनीं स्वतःपासून लपविलें नाहीं, आणि म्हणूनच तें भरलें. दुसरी ही कीं, लाभलेला आनंद त्यांनीं कुलुपांत ठेविला नाहीं. दुष्काळांतून आणलेल्या एकेका मुलीच्या ताटांत तो त्यांनीं वाढला, आणि जितका वाढला तितका तो वाढत गेला. शोमरोनी स्त्रीनें विहिरीपाशीं आपली घागर टाकली व गांवास ती वार्ता सांगावयास धांवत गेली, असें शुभवर्तमानांत सांगितलें आहे. केडगांवच्या रुक्ष माळावर खणलेल्या विहिरी पाहिल्या म्हणजे, ती जुनी कथा महाराष्ट्राच्या भूमींत पुन्हा एकदां घडली, असेंच म्हणावें लागतें.